धावपट्टी, रबर आणि पोस्टकार्डाएवढी जागा

गेल्या रविवारी आमच्या विठ्ठलवाडीच्या घरात चार टायर आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन-दोन करून वर आणले आणि गॅलरीत एकावर एक रचले. आईने पोळ्या लाटता लाटता वळून पाहिलं आणि विचारलं, "गाडीचे टायर गाडीला लावतात ना रे? घरात कशाला?" बाबांनी फक्त किंमत विचारली. मी सांगितली. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात ही प्रतिक्रिया सगळ्यात वाईट समजली जाते.

तर मंडळी, कारण असं की येत्या महिन्यात मी माझी सेकंडहँड स्विफ्ट घेऊन कोइम्बतूरला 'ट्रॅक डे'ला चाललोय. ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे. पहिला-दुसरा नंबर नाही, कप नाही. फी भरायची, हेल्मेट घालायचं, आपलीच रोजची गाडी खऱ्या रेसट्रॅकवर न्यायची आणि जमेल तेवढी पळवायची. समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी जात नाही. बस्स, एवढंच सुख.

आता ह्यासाठी चाकं आणि टायर कुठले घ्यायचे हा प्रश्न पडला. साधा प्रश्न. पण आमची खोड अशी की साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघायचं आणि भलत्याच इतिहासात जाऊन पडायचं. ह्या वेळी पडलो तो थेट नेवाळीच्या धावपट्टीवर!

विठ्ठलवाडीहून मलंगगडच्या रस्त्याला लागलं की द्वारलीच्या पुढे नेवाळी येतं. लहानपणी मलंगगडाकडे जाताना ती जमीन दिसायची. सपाट, रिकामी, आजूबाजूच्या सगळ्या पसाऱ्यात एकदम विचित्र वाटावी इतकी रिकामी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे विमानतळ बांधला. त्याच सुमारास कल्याणच्या बाहेर लष्कराच्या छावण्या उभ्या राहिल्या. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी त्या वस्तीचं नाव उल्हासनगर ठेवलं. आजही आम्ही पत्ता सांगताना 'कँप चार', 'कँप पाच' म्हणतो तो त्या लष्करी छावण्यांचाच आकडा. म्हणजे छावणीचं शहर झालं. विमानतळाचं काय?

ते सांगण्याआधी जरा इंग्लंडला जाऊन येऊ.

युद्ध संपलं तेव्हा इंग्लंडभर असे शेकडो विमानतळ पडून होते. धावपट्टी आणि तिच्याभोवती गोल फिरणारा रस्ता, दोन्ही पक्के, रुंद, सपाट, झाड नाही की भिंत नाही. गाडीवेड्या माणसाला आणखी काय पाहिजे? सिल्व्हरस्टोनचा तळ १९४३ मध्ये बॉम्बर विमानांच्या प्रशिक्षणासाठी सुरू झाला होता. सप्टेंबर १९४७ मध्ये त्याच गावचा मॉरिस जेगन नावाचा एक इसम आपल्या अकरा मित्रांना घेऊन त्या ओस तळावर घुसला आणि बारा जणांनी आपापसात शर्यत लावली. ना परवानगी, ना मार्शल. तळावर मेंढ्या चरत होत्या. त्यातली एक नेमकी जेगनच्या गाडीसमोर आली. मेंढी गेली आणि गाडीही भंगारात निघाली. ही शर्यत 'मटण ग्रां प्री' म्हणून अजून ओळखली जाते :) पुढच्याच वर्षी तिथे अधिकृत ग्रां प्री झाली आणि १३ मे १९५० ला फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत त्याच सिल्व्हरस्टोनवर धावली. गुडवुड, स्नेटरटन, थ्रक्स्टन, अमेरिकेतलं सेब्रिंग हे सगळे असेच युद्धाचे विमानतळ. ज्याला आपण आज हौशी मोटर रेसिंग म्हणतो ते खरं तर युद्धाने टाकून दिलेल्या काँक्रीटवर वाढलं.

आपल्याकडेही तेच. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर शर्यती होत, कलकत्त्याजवळ बराकपूरला होत, आणि मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर तर जवळजवळ साडेतीन दशकं भारतीय रेसिंगची पंढरी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. विजय मल्ल्या (हो, तेच) एन्साइन ही खरीखुरी फॉर्म्युला वन गाडी घेऊन शोलावरमला उतरायचे आणि त्याच पट्टीवर कुणीतरी घरची फियाट घेऊनही उतरलेला असायचा. १९९० मध्ये क्लबने इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक बांधला तोवर हे चाललं.

नेवाळीची कथा मात्र वेगळी झाली. ती जमीन ओस नव्हतीच मुळी, शेतकऱ्यांची होती. युद्धासाठी आजूबाजूच्या गावांची मिळून सोळाशेहून जास्त एकर जमीन घेतली गेली. युद्ध संपल्यावर परत मिळेल ह्या आशेवर पिढ्या गेल्या. जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. जून २०१७ मध्ये नौदलाने तिथे भिंत घालायला घेतली तेव्हा गावकरी रस्त्यावर आले. २२ जूनला गाड्या जळल्या, पोलीस आणि आंदोलक दोघंही जखमी झाले. मी त्या दिवशी ऑफिसमधून घरी येताना मलंग रोड बंद म्हणून कुरकुरत होतो. पंचाहत्तर वर्षांची गोष्ट माझ्या लेखी ट्रॅफिक जॅम होती. आता सिल्व्हरस्टोनच्या मेंढीची गोष्ट वाचून हसताना मला नेवाळी आठवते आणि हसू जरा अर्ध्यावर थांबतं. 'ओस पडलेली धावपट्टी' असं आपण सहज म्हणतो, पण तिच्याखाली कुणाची भातखाचरं होती हे कोण विचारतं?

असो. टायरकडे वळतो, नाहीतर आई म्हणते तसं टायर गॅलरीतच राहतील.

बाबांची पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी. तिच्या टायरवर ५.२०-१४ असं लिहिलेलं असायचं. म्हणजे रुंदी ५.२० इंच, सुमारे १३२ मिलिमीटर, आणि रिम चौदा इंची. आज स्कूटरच्या टायरला लाज वाटेल असा तो बारीक टायर घेऊन लोक शोलावरमला शर्यती लावत. बरं, पर्याय तरी काय होते? लायसन्स राज. शिवडीला फायरस्टोन, १९५८ पासून मुंबईत सीएट, बंगालमध्ये डनलॉप, मद्रासला एमआरएफ. मिळेल ते घ्या. 'कुठला टायर निवडू?' हा प्रश्नच चैनीचा होता. प्रश्न असायचा 'मिळेल का?' आणि मिळाला की तो गुळगुळीत होईपर्यंत वापरायचा, मग रिमोल्ड करायचा, मग तो रिमोल्डही गुळगुळीत करायचा.

हे टायर क्रॉसप्लाय. आत नायलॉनचे धागे एकमेकांना तिरके छेदत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, खाटेच्या नवारीसारखे विणलेले. बाजूची भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग सगळं एकाच विणीचं. त्यामुळे वळणावर गाडी कलली की भिंत वाकते आणि भिंतीबरोबर तळही उचलला जातो. रस्त्याला टेकलेलं रबर नेमकं हवं तेव्हाच कमी होतं. शिवाय धागे एकमेकांवर घासून टायर आतून तापतो. पण एक गुण होता. क्रॉसप्लाय टायर एकदम सुटत नाही. आधी सांगतो, कुरकुरतो, मग हळूहळू घसरतो. जुन्या शर्यतींच्या फोटोंत गाड्या आख्ख्या वळणभर तिरक्या घसरताना दिसतात ना, त्यात चालवणाऱ्याचं कसब आहेच, पण अर्धं श्रेय त्या नवारीला!

मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियलचं पेटंट घेतलं. धागे सरळ आडवे, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टा. भिंत आपली वाकू दे, तळ रस्त्याला चिकटून राहतो. आता आश्चर्य बघा, भारतात रेडियल आला तो १९७७ मध्ये, जेके टायरचा. एकतीस वर्षांनी! आणि तो घरोघरी पोचायला मारुती यावी लागली. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, आणि पुढे १४५/७० आर १२ हे माप अख्ख्या मध्यमवर्गाला पाठ झालं. त्यातला 'आर' म्हणजे रेडियल, रेडियस नव्हे. (हे मलाही इंजिनिअरिंगची डिग्री घेतल्यावर चार वर्षांनी कळलं. आमच्या शिक्षणाबद्दल काय बोलावं!)

त्याच मारुतीच्या इंजिनावर कोइम्बतूरच्या करीवर्धन ह्यांनी एका माणसाची छोटी रेसकार बनवली, फॉर्म्युला मारुती. ८०० सीसी, घरच्या गाडीचं इंजिन, पण शिकायला अस्सल रेसकार. ते १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. मी जिथे चाललोय तो करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा. त्या गाडीवर शिकलेला कोइम्बतूरचाच एक मुलगा, नारायण कार्तिकेयन, २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोचला. आणि टायरच्या इतिहासातला माझा सर्वात आवडता दिवस त्याच्याच वाट्याला आला.

१९ जून २००५, इंडियानापोलिस. त्या वर्षी नियम असा होता की पात्रता फेरी आणि शर्यत दोन्ही एकाच सेटवर. टायर दोन कंपन्यांचे, मिशेलिन आणि ब्रिजस्टोन. तिथलं तेरावं वळण कललेलं, अतिवेगवान, आणि डांबर नवं. शुक्रवारी सरावात राल्फ शूमाकरचा मागचा डावा टायर गेला आणि गाडी भिंतीवर. मिशेलिनने तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, वळणावर वेग कमी केला नाही तर आमचे टायर शर्यतभर टिकतील ह्याची खात्री देता येत नाही. वळणावर अडथळा घालावा अशी मागणी झाली, ती फेटाळली गेली. रविवारी वीसच्या वीस गाड्या फॉर्मेशन लॅपला निघाल्या आणि फेरी संपताना मिशेलिनवाल्या चौदा गाड्या एकामागोमाग एक पिटलेनमध्ये वळल्या. गेल्या त्या गेल्याच. उरल्या सहा. फेरारीच्या दोन, जॉर्डनच्या दोन, मिनार्डीच्या दोन. लोकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. नारायण जॉर्डनमध्ये चौथा आला. पाच गुण. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाने मिळवलेले पहिले गुण, टायरच्या निवडीने मिळालेले.

ह्यावर नाक मुरडणारे बरेच भेटतात. सहातला चौथा, त्यात काय! मला ते पटत नाही. शर्यत संपवायची असते आणि त्याने संपवली. आणि खरं सांगायचं तर मला त्या दिवसाचा नायक मिशेलिनचा तो इंजिनिअर वाटतो ज्याने कुठल्यातरी मीटिंगमध्ये 'आमचा माल इथे चालणार नाही' असं तोंडाने म्हटलं असेल. आमच्या धंद्यात रिलीजच्या आदल्या रात्री असं म्हणायला काय छाती लागते ते तुम्हाला माहीत आहेच.

चाकांचा इतिहासही असाच. १९२४ मध्ये ल्योंच्या ग्रां प्रीत बुगाटीने टाइप ३५ आणली. तोवर रेसकारला तारांची चाकं असत, बुगाटीने ओतीव ॲल्युमिनियमची चाकं लावली, ब्रेकचा ड्रमही चाकातच. सुंदर गाडी, आजही बघत राहावी अशी. आणि त्या दिवशी हरली कशाने? टायरने! त्यांचं रबर सुटून येऊ लागलं. चाक भविष्यातलं आणि टायर भूतकाळातला. नंतर साठच्या दशकात इंग्लंडात मिनी गाडीसाठी मिनीलाइट नावाची मॅग्नेशियमची हलकी चाकं आली. आज रस्त्यावर दिसणारी निम्मी अलॉय डिझाइन्स त्यांचीच नातवंडं आहेत.

हलकं का? स्प्रिंगच्या खालचं वजन. गाडीचं बाकी वजन स्प्रिंगवर बसलेलं असतं, चाक मात्र स्प्रिंगच्या खाली लोंबतं. रस्त्याच्या उंचवट्याने उडालेलं जड चाक परत खाली यायला वेळ घेतं, आणि तेवढा वेळ टायर हवेत. शिवाय चाक गरगर फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो, तो वेगळाच.

इथे माझं पाप कबूल करतो. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी सोळा इंची अलॉय घेतली होती. काळी, चकचकीत, स्वस्त. दुकानाचं नाव सांगत नाही, दोष माझाही आहे. घरी आणून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली तर मूळच्या लोखंडी चाकापेक्षा जवळपास दोन किलो जड निघाली! म्हणजे पैसे देऊन मी गाडी हळू केली. शिवाय मधलं भोक मोठं. स्विफ्टच्या हबचं माप ५४.१ मिलिमीटर, चाकाचं भोक त्याहून मोठं, मध्ये बसवायची रिंग दुकानदाराने दिलीच नाही. चार बोल्टचं अंतर, म्हणजे ४ बाय १००, जुळलं म्हणून मी खूश. नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग मिक्सरसारखं थरथरायचं. एका पावसाळ्यात खड्ड्यात आदळल्यावर आतल्या कडेला तडा गेला तो मला दिसलाच नाही, दर दोन दिवसांनी हवा कमी व्हायची म्हणून पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने चाक पाण्यात बुडवलं, टायरमधून नाही तर धातूमधून बुडबुडे आले. तो म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर हायवेला जाऊ नका, पोरंबाळं असतात गाडीत." मी तेव्हा आईबाबांना घेऊन पंढरपूरला निघणार होतो.

ह्यानंतर मी आकडेमोड केल्याशिवाय चाकाला हात लावत नाही.

माझ्या स्विफ्टचा मूळ टायर १६५/८० आर १४. उंची काढू. रिम १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात वर-खाली मिळून भिंत १६५ च्या ८० टक्के दोनदा, म्हणजे २६४. एकूण ६१९.६. आता १९५/६० आर १५ घेतला तर ३८१ अधिक २३४, म्हणजे ६१५. फरक पाऊण टक्क्याहून कमी. स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, चाक कुठे घासणार नाही. म्हणून पंधरा इंच, सोळा नाही. भिंत थोडी आखूड झाल्याने वळणावर कमी डुलते, पण खड्ड्यात रिम वाचवण्याएवढी शिल्लक राहते. रिम सहा इंच रुंद, कारण १९५ च्या टायरला साडेपाच ते सात चालतं.

रुंद टायरने जास्त रबर टेकतं हा समज मात्र अर्धाच खरा. गाडी आणि मी मिळून सुमारे १०३५ किलो, एका चाकावर साधारण २६० (पुढच्यावर जास्त, मागच्यावर कमी, पण चालवून घ्या). टायरमध्ये हवा ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो. भागाकार करा. सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर. आपलं जुनं पोस्टकार्ड असतं ना, १४ बाय ९, त्याचं क्षेत्रफळ १२६. टायर बारीक असो की रुंद, हवा तीच तर जागा साधारण तेवढीच. रुंद टायरमध्ये ते पोस्टकार्ड आडवं पडतं, बारीक टायरमध्ये उभं, एवढंच. वळताना आडवं बरं, पाणी कापायला उभं. एक हजार किलोची गाडी, ताशी दीडशेचा वेग आणि रस्त्याशी नातं चार पोस्टकार्डांचं! हे गणित मी बाबांना दाखवलं. त्यांनी परत एकदा किंमत विचारली, पण ह्या वेळी मान हलवली.

हवेचंही तसंच. थंड टायरमध्ये ३० भरली आणि चार-पाच फेऱ्यांनी गेज ३६ दाखवू लागला, तर आतली हवा किती तापली? बाहेरचा दाब मिळवून ४४.७ चे ५०.७ झाले. सकाळचे ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन, त्याच प्रमाणात ३४४, म्हणजे ७१ अंश. बारावीतला वायूचा नियम आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडला. म्हणून ट्रॅकवर हवा थंड टायरला बघून सोडून देत नाहीत, गरम असताना बघतात, थोडी काढतात आणि घरी निघताना पुन्हा भरतात. शेवटचं विसरायचं नाही.

आता रबर. मऊ रबर चिकटतं आणि लवकर संपतं. काही टायरच्या भिंतीवर 'ट्रेडवेअर' आकडा असतो, जितका कमी तितकं मऊ. परदेशातल्या हौशी मंडळींत २०० च्या आसपासचे टायर चालतात. ते टायर वेगळ्या ट्रॉलीत घालून नेतात, ट्रॅकवर बदलतात. अमेरिकेत तर नवेकोरे टायर यंत्राने तासून घेण्याची पद्धत होती, खाचा उथळ झाल्या की रबराचे ठोकळे कमी डुलतात आणि कमी तापतात. म्हणजे आमच्या गुळगुळीत टायरवाल्या शोलावरमकरांना शास्त्र नकळत सापडलं होतं. अर्थात कोरड्या रस्त्यावरच. पावसात तोच टायर यमाचा रेडा.

पण माझी अडचण वेगळी. विठ्ठलवाडी ते कोइम्बतूर साडेबाराशे किलोमीटर, तेवढंच परत. ट्रॅक फक्त २.१ किलोमीटरचा. दिवसभरात फार तर पन्नास-साठ किलोमीटर मी जोरात चालवणार, आणि अडीच हजार किलोमीटर शहाण्यासारखी. शिवाय साध्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणजे तिथे काही झालं तर खर्च माझा. म्हणून मऊ टायरचा मोह सोडला. साधा, चांगल्या प्रतीचा रस्त्यावरचा टायर, वेगाचं अक्षर 'व्ही', म्हणजे ताशी २४० पर्यंत. माझी गाडी तिथवर जाणार नाही, पण तापलेल्या टायरला ती उसंत लागते. भिंतीवरचा चार आकडी शिक्काही बघून घेतला. १२२५ असेल तर २०२५ चा बारावा आठवडा. दुकानदार आधी दोन वर्षं जुना सेट काढत होता, "सेमच आहे साहेब" म्हणत. वाचलेल्या पैशात ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. खरं तर तेच आधी करायचं असतं, पण त्याचा फोटो छान येत नाही ना!

शनिवारी टायर चढवले. नव्या टायरला गुळगुळीत मेणचट थर असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवावं लागतं, म्हणून सकाळी उगाच मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. नेवाळी नाक्यावर चहा प्यायलो. टपरीवाल्या काकांनी नव्या चाकांकडे बघून विचारलं, कितीची? मी सांगितली. तेही काही बोलले नाहीत.

परत आल्यावर नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळले, चारपैकी एक थोडा सैल झाला होता.